गळ्यातल्या गाठीचा लिलाव

आमच्या बुसानच्या मासळी बाजारात तक ओक-सिम मावशींचा आवाज कुणाला माहीत नाही? अठ्ठावीस वर्षं त्या लिलाव पुकारताहेत. व्यापारी नुसती बोटं दाखवतात, तोंड चालवायचं काम मावशींचं. आवाज गेला की मावशी घरी, इतकं सरळ. आणि नेमकी गळ्यावरच अंड्याएवढी गाठ आली. घास गिळवेना.

मी दवाखान्यातली नर्स. डॉक्टर मिन म्हणाले, "गापसांगसॉनवर गाठ आहे." गापसांगसॉन म्हणजे थायरॉइड. पण बाजारात शेवटी 'सॉन' आलं की ते जहाजच! मावशींनी विचारलं, "कुठल्या धक्क्याला लागलंय? माल काय आणलाय?" डॉक्टर माझ्याकडे बघतायत, मी छताकडे.

शेवटी समजावलं. सुई गाठीत घालायची, टोकाला रेडिओलहरींची उष्णता, गाठ आतल्या आत शिजते. कापाकापी नाही. धोका एकच. आवाजाची नस गाठीला चिकटून होती.

"म्हणून भूल फक्त गळ्यापुरती," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही मध्ये मध्ये बोलायचं. आवाज बदलला की मी थांबेन."

"काय बोलू?"

"काहीही."

हे 'काहीही' महागात पडलं. सुई आत गेली आणि मावशींनी लिलावच मांडला. "ताजी गाठ! घरी वाढवलेली, समुद्राचं तोंड न पाहिलेली! बोला, बोला!"

दाराच्या काचेपलीकडे कू दल-सू आणि आणखी चार व्यापारी काळजीनं येऊन बसले होते. रोज मावशींच्या शिव्या खाणारी माणसं. पुकारा ऐकला मात्र, पाचही जणांची बोटं वर! अरे, घेऊन करणार काय होतात, मेल्यांनो? पण मावशींनी डोळे तिरके करून बोली चढवली.

"मान हलवू नका!" डॉक्टर ओरडले.

"मान नाही, भाव हलतोय!"

मी घाम पुसायला हात वर केला, तर माझीही बोली धरली. हसून हसून माझी पुरेवाट झाली.

आणि पुढच्या 'बोला'तला 'ला' फाटला. नुसती हवा.

डॉक्टरांनी तत्काळ मशीन बंद केलं, सुई काढली, तापलेली नस निवावी म्हणून तिच्याभोवती थंडगार ग्लुकोज टोचलं. मावशींनी तोंड उघडलं. फुस्स. पुन्हा उघडलं. फुस्स. डोळ्यांतलं पाणी ओघळून कानात गेलं. माझा हात त्यांनी असा आवळला की अंगठी रुतली. मला डॉक्टरांचा राग आला, त्याहून जास्त माझा आला. मी हसत होते ना!

दार ढकलून कू दल-सू आत घुसला. पन्नाशीचा बाप्या, पायात चिखलाचे गमबूट, आणि हुंदके देतोय. "ताई, गप्प का झालात? शिव्या घाला ना! तुमच्याशिवाय मी कुणाला बोटं दाखवू?"

मावशींनी त्याच्या पायांकडे पाहिलं. मग फरशीकडे. गळ्यात काहीतरी खरखरलं.

"बूट काढ, गाढवा!"

खालच्या औषधाच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं. कू दल-सू तिथेच बसकण मारून रडत-हसत बूट ओढायला लागला. एक काही केल्या निघेना, तेव्हा डॉक्टर मिननी गुडघे टेकले आणि ते स्वतः ओढायला लागले. त्यांचेही डोळे वाहत होते.