गिटारअण्णाची दोन गाणी

आमच्या गल्लीत वीज गेली की गिटारअण्णाचं गाणं मधल्याच शब्दावर थांबायचं. घरातला यंत्रमाग खटखट चालू असेल तरच त्याला ठेका सापडे. वीज आली, माग सुरू झाला, की तो त्याच शब्दापासून पुढे गाई.

नातवंडांनो, तुमच्या आईनंही लहानपणी हे ऐकलंय. मी शाळेत इंग्रजी शिकवायची, तेव्हा अण्णा माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसे. घर तेलुगू विणकरांचं, चादरी विणणारं. जवळच्या होटगी स्टेशनातल्या एका रेल्वे ड्रायव्हरनं त्याला जुनी गिटार आणि ब्लूजच्या दोन कॅसेट दिल्या, आणि पोरगा कामातून गेला. ब्लूज म्हणजे दुःखाची गाणी, पण ऐकताना पाय आपोआप हलतो. दर रविवारी तो कॅसेट घेऊन येई आणि मी ऐकून इंग्रजी शब्द लिहून देई. एकदा मी विचारलं, "इतकं रडायचं कशाला रे गाण्यात?"

"रडत न्हाय बाई, दुःखाला नाचवतोय की."

पुढे तो लग्नांत वाजवणाऱ्या एका ऑर्केस्ट्रात लागला. मालकाला सिनेमाची गाणी हवी असत. हा मधेच स्वतः रचलेलं, तेलुगू-मराठी मिसळीचं ब्लूज घुसवी. एकदा नवरीचा मामा तावातावानं स्टेजवर चढला. "अहो, पोरगी सासरला जायला अजून दोन तास हायत. आत्ताच कशाला रडवताय?"

अण्णा शांतपणे म्हणाला, "मामा, तालीम करून घेतो की."

चार वर्षांपूर्वी मागाच्या पट्ट्यात त्याचा डावा हात सापडला. मधली दोन बोटं वाकेनाशी झाली, तारा दाबता येईनात. मालकानं दुसरा गिटारवाला घेतला. अण्णा गिटार घेऊन माझ्याकडे आला. "बाई, हिला तुमच्याकडं ठेवा. घरात दिसली की हात जातो." मी गिटार घेतली. कपाटात जागा केली आणि दर शनिवारी तिची धूळ पुसत राहिले.

सहा महिन्यांनी आला तो करंगळीत लोखंडी नळीचा तुकडा घालूनच. बाटलीचा गळा बोटात घालून गिटार वाजवणारा कुणीतरी त्यानं मोबाइलवर पाहिला होता. याचा तुकडा मात्र त्याच मागाचा, कापून घेतलेला. "त्यानं घेतलं, त्यानंच भरून द्यायचं," म्हणाला, कपाटातली गिटार काढली आणि नळी तारांवरून सरकवली. रुसलेलं मूल हळूहळू हसायला लागावं, तसा आवाज निघाला.

मालकाला पटलं नाही. "लोखंड घासून कुटं गाणं होतंय व्हय?" तरी माळशिरसच्या एका लग्नात त्यानं अण्णाला एक गाणं दिलं. मीही गेले होते. अण्णानं नळी तारांवर टेकवली. पहिलाच सूर घसरला. पुढच्या खुर्चीतले एक आजोबा मोठ्यानं म्हणाले, "घाई न्हाय बाबा, आमचं जेवण व्हायचंय अजून." सगळा मांडव हसला. अण्णाही हसला, आणि मग असं गायला की वाढपी भाताचं पातेलं हातात धरून उभेच राहिले. नवरीच्या बापानं तेच गाणं पुन्हा म्हणायला लावलं.

मालक जवळ येऊन हळूच म्हणाला, "उद्यापासनं येतोस?"

"येतो की. पण दोन गाणी माझी. कुटली, ते इचारायचं न्हाय."

या गोष्टीला तीन वर्षं झाली. मालकानं अजून विचारलेलं नाही.