कोच राहणार की जाणार? एका मॅचसाठी पेनसिल्व्हेनिया

"आई, टीम पुन्हा हरली. कोचना काढलं तर आमचा सगळा स्टाफ जाणार." मीराचा फोन आला आणि आम्ही त्या शनिवारी निघायचं ठरवूनच टाकलं. आमची लेक पेनसिल्व्हेनियातल्या एका कॉलेजच्या फुटबॉल टीमची डाएटिशियन आहे. नवा कोच आला की आपली माणसं घेऊन येतो, अशी इथली रीत.

सकाळी सहाला आमचं गाव, पिस्कॅटवे, सोडलं. साडेतीन तासांचा ड्राइव्ह, रस्ता झकास, डोंगर बोडके. पण माझं लक्ष कुठलं! हे गाडी चालवताना कोचचंच उकरून काढत होते. "दोन सीझन हरतोय. आमच्या कंपनीनं केव्हाच नारळ दिला असता!"

"अहो, गप्प बसा. त्या नारळात आपली पोरगी पण आहे."

जाणाऱ्यांनो, लक्षात ठेवा: पार्किंग तीस डॉलर, आणि स्टेडियममध्ये फक्त पारदर्शक पिशवी चालते. माझी पर्स आणि दशम्यांचा डबा गेटवरच अडला. ते ठेवायला गाडीशी परत आलो, तर शेजारी एक धिप्पाड माणूस कणसं भाजत होता. टीमचा जुना खेळाडू, आता शाळेत गणित शिकवतो. त्याला दशमी दिली आणि ह्यांनी कोचचं विचारलं.

"मी नापास झालो तेव्हा त्यानं मला सीझनभर बाहेर बसवलं," तो म्हणाला. "पास झाल्यावरच घेतलं. त्याला ठेवायचं की नाही हे ठरवणाऱ्या कॉलेजच्या कमिटीनं आम्हा जुन्या खेळाडूंना बोलावलं होतं. सकाळी तेच सांगून आलो."

टीम सपाटून हरली. मला खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण स्कोअरबोर्ड वाचता येतो. मीरा भेटली तेव्हा मी तोंड उघडायच्या आतच म्हणाली, "आई, प्लीज, नो ज्ञान टुडे."

रविवारी मोटेलात फुकटचा नाश्ता चालला होता आणि मीरा धावत आली. "दे आर कीपिंग हिम! अजून तीन वर्षं!" कमिटीनं नुसते दोन सीझन धरले नव्हते. कोच आला तेव्हा टीम कुठे होती, किती पोरं शिकून बाहेर पडली, सगळं पाहिलं होतं. हुश्श! मी तिथेच रडले. हे म्हणाले, "मी म्हणतच होतो, माणूस चांगला आहे."

येताना पेढे घेतले आणि थेट शेजारच्या काकूंकडे गेले.

"जिंकले वाटतं?"

"छे हो, हरले. मीराची नोकरी राहिली. ती फुटबॉलच्या पोरांचं खाणंपिणं बघते."

"अगं, तू तर ती हॉस्पिटलात डाएटिशियन आहे म्हणायचीस!"

"म्हणायचे," मी म्हटलं. "घ्या, अजून एक घ्या."