ओमुर्झाक अगाय, प्रोजेक्टर आणि सात बाप

ओमुर्झाक अगाय आणि प्रोजेक्टर यांची पहिली भेट झाली तेव्हा बिश्केकच्या बाजारातले निम्मे दिवे मंदावले, दोन कबुतरं छपरावरून खाली पडली आणि एका गिऱ्हाइकाने हातातली कढई सोडून अल्लाचं नाव घेतलं, असं अगाय स्वतः सांगतात. कढईपुरतं ते खरं असावं. बाकी घडलं ते एवढंच, की दुकानातल्या पोरीने यंत्र सुरू केलं तेव्हा अगाय नेमके भिंगासमोर उभे होते. पांढऱ्या उजेडाचा लोट त्यांच्या कपाळावर येऊन आदळला. ते दचकून वळले, तर मागच्या भिंतीवर उंच टोपी घातलेला बारा फुटी राक्षस. अगायनी छातीवर हात ठेवून त्याला सलाम केला. राक्षसानेही केला.

"घेतो," अगाय म्हणाले.

"काय घेता, आजोबा? काय दाखवायचंय ते तरी सांगा," पोरगी म्हणाली.

"माणसं."

"सिनेमातली?"

"मेलेली. सात."

पोरीने नमाजाच्या वेळेचा अंदाज घेतल्यासारखं घड्याळाकडे पाहिलं.

अगाय म्हणजे मास्तर. कोच्कोरच्या शाळेत एकतीस वर्षं त्यांनी चित्रकला शिकवली आणि त्या काळात गावात एकही चित्रकार निपजला नाही. पण अगायचा खरा जीव होता वंशावळीत. कोण कुणाचा पणजोबा, कुणाच्या खापरपणजोबाने कुणाची घोडी पळवली, अशी तीनेकशे नावं त्यांना तोंडपाठ. फक्त ऐकायला कोणी नसे. मेजवानीत अगाय उभे राहिले की पहिल्या नावाला लोक माना डोलवत, दुसऱ्याला फोन काढत, आणि तिसऱ्याला एकेकाला घोड्याला पाणी पाजायचं राहिल्याची आठवण होई. ज्यांच्याकडे घोडा नव्हता तेही उठून जात.

आता मात्र ऐकवणं भाग होतं. अगायची धाकटी, पेरिझात, हिचं जमलं होतं. येत्या रविवारी मुलाकडची मंडळी तिच्या कानात कुंडलं घालायला येणार होती. आमच्याकडे मुलीचे सात बाप आणि मुलाचे सात बाप मोजतात: बाप, आजा, पणजा असं वर सातापर्यंत. त्यात एक जरी नाव दोन्हीकडे निघालं, तरी ती दोघं भाऊबहीण. कुंडलं परत, सोयरीक खलास. हल्ली लोक हे दोन मिनिटांत उरकतात, "तुम्ही कुठले, आम्ही कुठले, चला जेवायला." अगायना ते मंजूर नव्हतं. दोन्हीकडचे सात बाप शेजारीशेजारी, हातभर अक्षरांत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

"कुठे लावणार?" पोरीने विचारलं.

"अंगणात युर्तीचा तंबू उभारतोय."

"दिवसा?"

"मग काय रात्री? पाहुणे जेवायला येतात, चोरी करायला नाही."

पोरीने हातातलं छोटं यंत्र मुकाट्याने खाली ठेवलं. मग तिने अगायना एकतीस वर्षांत त्यांनी कोणाला शिकवलं नसेल इतकं नीट शिकवलं. दिवसाउजेडी दाखवायचं तर यंत्र जास्त उजेडाचं हवं, आणि तरीही छताचा झरोका झाका. युर्तीत जागा सहा पावलं, म्हणजे जवळून मोठं चित्र पाडणारं भिंग हवं, नाहीतर यंत्र अंगणात आणि पूर्वज दारात. अक्षरं वाचायची असतील तर खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका, यंत्र मुळात किती ठिपक्यांचं चित्र काढतं ते विचारा. "नाहीतर, आजोबा, तुमचे पणजोबा भिंतीवर मुंग्यांसारखे फिरतील."

अगायना ही पोरगी इतकी आवडली की त्यांनी तिला तिचे सात बाप विचारले. तिने पाच सांगितले आणि पावती फाडली.

घरी आल्यावर तीन दिवस अगाय आणि प्रोजेक्टर यांच्यात जे चाललं त्याला त्यांची बायको कालीचा 'दुसरं लग्न' म्हणे. युर्तीची भिंत गोल, त्यामुळे चित्र पिंपावर गुंडाळल्यासारखं दिसे. म्हणून कालीचाच्या पेटीतली हुंड्याची चादर दोरीवर ताणून बांधली. यंत्र खाली ठेवलं तर चित्र वर रुंद, खाली निमुळतं, पूर्वज जणू पाय जोडून उभे. ते सरळ करायचं बटण सापडेपर्यंत शुक्रवार उजाडला. शुक्रवारीच अगायनी व्याह्यांना, म्हणजे मेलिसला, फोनवर एक कागद पाठवला: असाच भरून पेनड्राइव्हवर आणा, म्हणजे दोन्हीकडचं सारखं दिसेल. स्वतःच्याच यादीवरून ते हा कोरा नमुना करत होते. एकेक नाव खोडून तिथे ठिपके टाकत होते, तेवढ्यात भलतंच बटण दाबलं गेलं आणि चादरीवर सगळा वंश उलटा, डोकी खाली, वटवाघळांसारखा लटकला. त्यांची नव्वदीची आई, बुरुल अपा, चहा पीत बसली होती.

"ओमुर्झाक! तुझा बाप खाली डोकं वर पाय का?"

"अपा, हे छताला टांगायचं असतं तेव्हाचं बटण आहे."

"बापाला छताला टांगणार?"

बाप सरळ करण्यात संध्याकाळ गेली. कागद मात्र वेळेवर गेला.

रविवारी मेलिस टायरच्या दुकानाला कुलूप लावून सहकुटुंब आला. मोठा दिलदार माणूस. हे नाव त्याला त्याच्या बापाने सोव्हिएत काळात मार्क्स, एंगल्स, लेनिन, स्टालिन यांची आद्याक्षरं जोडून दिलेलं, म्हणजे आणखी चार बाप त्याच्या नावातच होते. त्याचा मुलगा सिमिक दारात टोपी पिळत उभा. पेरिझात कपाळावर रुमाल ओढून, कान मोकळे ठेवून बसली होती. मेलिसच्या बायकोच्या मुठीत कुंडलांची डबी, आणि मधोमध ताटात मेंढ्याच्या शेपटीची चरबी आणि काळीज. ते व्याह्यांनी एकमेकांना भरवलं की सोयरीक पक्की. मग माघार नाही.

"थांबा!" अगाय म्हणाले. "आधी सात."

चाळीस माणसांनी एकदम उसासा सोडला आणि चाळिसांचेही हात फोनकडे गेले. पण अगायनी छताचा झरोका बंद केला, दार लावून घेतलं. अंधार. जूनचा महिना, आत चहाचा सामोवार खदखदतोय, चाळीस माणसं घामाने निथळतायत. आणि चादरीवर उजेड पडला.

"अरे वा, अगाय! सिनेमा!"

कोणी उठलं नाही. कोणाला घोडा आठवला नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा लोक टक लावून बघत होते. मेलिसने आणलेल्या पेनड्राइव्हमधली यादी अगायनी न वाचताच उजवीकडे बसवली. तीनशे नावांचा पहारेकरी, पण त्या दिवशी त्यांचं सगळं लक्ष, अक्षर धूसर तर नाही ना, यातच होतं. नाव वरून धप्पकन पडावं, आवाजासकट, अशी करामतही त्यांनी करून ठेवली होती.

धप्प. डावीकडे ओमुर्झाक, उजवीकडे मेलिस. टाळ्या.

धप्प. सुयुनबाय आणि आबदिलदा. बुरुल अपांनी नवऱ्याच्या नावाला हात जोडले.

धप्प. कासिमाली आणि जापार. "छान, छान!"

धप्प. डावीकडे बायझाक. उजवीकडे बायझाक.

युर्तीत सामोवार एकटा बोलत राहिला.

"दोनदा दिसतंय का मला?" कोणीतरी कुजबुजलं.

"एकदाच दिसतंय, पण दोन्हीकडे," दुसरा म्हणाला.

नावं आपोआप पडतील असं त्यांनीच ठरवून ठेवलेलं. धप्प: केरिम, केरिम. कालीचाने तोंडात रुमालाचं टोक कोंबलं. धप्प: तिनाय, तिनाय. मेलिसच्या बायकोने कुंडलांची डबी टपकन मिटली, आणि तो आवाज त्या धप्पपेक्षा मोठा झाला. पेरिझातने डोक्यावरचा रुमाल हनुवटीपर्यंत ओढला.

"अता!" आतून तिने बापाला हाक मारली. "अता, बंद करा ते!"

अगायनी रिमोटचं बटण दाबलं. यंत्राने विचारलं, खरंच बंद करायचं का? पुन्हा दाबलं. रिमोट उलटा धरलेला. धप्प: अल्बान, अल्बान. शेवटी अगाय झेपावले आणि डोक्यावरची टोपी काढून त्यांनी भिंगावर घातली. आता सात पिढ्या टोपीच्या आत चमकू लागल्या आणि लोकर भाजल्याचा वास सुटला.

"भाऊबहीण!" एक म्हातारी कपाळ बडवत म्हणाली. "आणि नदीकाठी दोघं बसायची ते मी या डोळ्यांनी पाहिलंय!"

"एजे, गप्प बसा!"

"मी काय बोलतेय? तो पडदा बोलतोय!"

सिमिक भिंतीसारखा पांढरा पडला होता. ताटातली चरबी गोठत चालली होती. बुरुल अपा काठी टेकत उठल्या, मेलिससमोर उभ्या राहिल्या.

"व्याहीबुवा," त्या म्हणाल्या, "बायझाक माझ्या सासऱ्याचा बाप. त्याला एकच मुलगा होता, त्याच्याच घरात मी सून म्हणून आले. तुझा जापार कुठून टपकला?"

मेलिसच्या कपाळावरून घाम वाहत होता. त्याने बायकोकडे पाहिलं. मुलाकडे पाहिलं. गप्प राहावं तर मुलाचं लग्न मोडतंय. बोलावं तर चाळीस लोकांसमोर कबूल करायचं ते असं, की आमच्याकडे त्यापेक्षा चोर म्हटलेलं परवडतं. टायरवाल्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मला तीनच माहीत आहेत," तो म्हणाला.

 

"मग खालचे चार कुठून आणलेस?" अगाय ओरडले.

"आणले कुठे? तुमच्याच कागदावर होते, अगाय! वर तीन रेघा ठिपक्यांच्या, खाली चार नावं छापलेली. मला वाटलं, फॉर्म आहे. सरकारी फॉर्मवर खालचं छापलेलं नसतं का? म्हटलं, पुढचे चार सगळ्यांचे एकच असतील."

"सगळ्यांचे एकच?"

"मला काय माहीत! तुमचं ऐकायला तिसऱ्या नावापुढे आजवर कोण बसलंय?"

अगाय खाली बसले. त्यांना शुक्रवार आठवला: तीन नावं खोडलेली, मग ते भलतं बटण, आणि छताला टांगलेला बाप. मुलीची सोयरीक त्यांनी आपल्याच बोटांनी मोडायला ठेवली होती.

"म्हणजे भाऊबहीण नाहीत?" रुमालाआडून पेरिझात.

"नाहीत असंही नाही," बुरुल अपा म्हणाल्या. "याचे चार अजून कोणाला माहीत आहेत?"

मेलिसने तोंडातल्या तोंडात सांगितलं, जुमगालला एक आत्या आहे, सोनुनबूबू, अठ्ठ्याऐंशीची. फोन लावला. फोन मोठ्या आवाजावर ठेवला. पलीकडे गाय हंबरली.

"कोण? मेलिस? कोण मेलं?"

"कोणी नाही, एजे. आपले सात बाप सांग."

"तुला माहीत नाहीत? पंचावन्न वर्षांचा घोडा झालास!"

"एजे, चाळीस माणसं ऐकतायत."

"मग तर जोरात सांगते!" आणि तिने धार काढता काढता, चरवीत पडणाऱ्या धारेच्या तालावर सांगितले. मेलिस, आबदिलदा, जापार, मामीर, ओतोर, शाताय, बेर्दिके. न पडदा, न उजेड, न धप्प. कोणी फोन काढला नाही. अगाय मात्र ओठ हलवत एकेक नाव आपल्या तीनशेंशी ताडून बघत होते. मामीर नाही. ओतोर नाही. शाताय नाही. बेर्दिके नाही.

"नाही," अगाय म्हणाले. "एकही नाही. वेगळे आहेत. वेगळे आहेत!"

टोपी घालायला हात डोक्यावर गेला तो तसाच राहिला. त्यांचे डोळे लुकलुकले. ते फोनजवळ वाकले.

"एजे, तो बेर्दिके... त्याच्या बापाचं नाव..."

बुरुल अपांची काठी त्यांच्या पोटरीवर बसली.

"सात म्हणजे सात! आठवं विचारलंस तर तुला छताला टांगीन. फोन ठेव. दार उघड, माणसं शिजतायत."

दार उघडलं, झरोका उघडला. मेलिसच्या बायकोला घाईत डावं कुंडल घालायला तीनदा हात पुढे करावा लागला; शेवटी पेरिझातनेच ते घेऊन घातलं आणि सासूला उजवा कान पुढे केला. व्याह्यांनी एकमेकांना थंड चरबी आणि काळीज भरवलं. मेलिस चावता चावता रडत होता, आणि अगाय त्याच्या कानाशी "मामीर, ओतोर, शाताय, बेर्दिके" घोकून घेत होते.

लग्न सप्टेंबरात गावातल्या हॉलमध्ये झालं. हॉलवाल्यांची स्वतःची मोठी स्क्रीन होती, त्यामुळे प्रोजेक्टर लागला नाही.