दोन बोटं जास्त

ऑइलपेंटचा वास आला की मला ती जपानी गाडी आठवते. तेव्हा मुकुंदवाडीत माझं नंबरपाट्या रंगवायचं दुकान होतं. अरबस्तानात वीस वर्षं ड्रायव्हरकी करून परतलेले एक चाचा ती घेऊन आले. चाचीचे पाय गेलेले. तिची चाकाची खुर्ची मावेल अशी डिकी बघूनच त्यांनी गाडी आणलेली. पाटीची जागा मात्र जपानी मापाची. तिथं बसेल अशी पाटी मी करून दिली, तर आरटीओतल्या तपासणीच्या साहेबानं परत पाठवलं, माप इथलंच पाहिजे म्हणून. इथल्या मापाची पाटी दोन बोटं उंच निघाली आणि तिनं डिकीचं कुलूपच झाकलं. खाली सरकवावी तर बंपर आडवा. तेवढ्यात गाडीत बसलेल्या चाचीला उकडायला लागलं, आणि खुर्ची तर डिकीत. चाचांनी माझा पेचकस मागून घेतला, भर उन्हात गुडघे टेकले आणि मी नुकतीच बसवलेली पाटी खोलायला लागले. "आता जिथं उतरायचं, तिथं हेच," ते म्हणाले. चाची काचेतून म्हणाली, "रहने दो जी, अपन घरमेंच अच्छे." निघताना तो पेचकस मी परत मागितला नाही. एवढ्या वर्षांनी वाटतं, माझ्याच्यानं तेवढंच झालं.