ज्याची पाटी त्याने काढावी

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर माझी सगळी नोकरी गेली. पट्टा दुरुस्त करायला उतरायचे तर आधी स्विचवर आपल्या नावाची पाटी लावायची. काम झाले की स्वतः येऊन काढायची. दुसऱ्याची पाटी कोणी काढत नसे, साहेबसुद्धा नाही. पाटी काढून कोणी बटण दाबले तर खाली माणूस असतो.

हे मी घरात सांगत होतो तेव्हा सून छाया म्हणाली, "अण्णा, माझंपण हेच काम आहे."

छाया हरसूलची. आमच्या फूल उत्पादकांच्या सोसायटीत २००३ साली कॉम्प्युटरवर लागली. मीही त्या सोसायटीचा सभासद. आमचा झेंडू थोडाच, पण आहे. ऑफिसच्या कोपऱ्यात एक कॉम्प्युटर कायम चालू असे, त्याला सर्व्हर म्हणत. कोणाकडे किती क्रेट फुले आहेत, याच्या फाइली त्यावरच्या एका फोल्डरमध्ये असत. मुंबईचे, सुरतेचे व्यापारी वेबसाइटवर ते आकडे बघून माल मागवत.

फोल्डर सगळ्यांचा, पण मुभा वेगवेगळी. बघायचे सगळ्यांनी. आडगावच्या फूल संकलन केंद्राने लिहायचे ते आडगावच्याच फाइलीत. वेबसाइटच्या प्रोग्रामलाही छायाने फक्त वाचू दिले होते. कोणी बदलून गेला की त्याच दिवशी त्याचे नाव काढायची. कंटाळवाणे काम. झाले तर दिसत नाही, नाही झाले तर सगळ्यांना दिसते.

ललित सोसायटीत माल जमा करण्याचे बघायचा. माझा मुलगा महेश सोसायटीचा टेम्पो चालवायचा. दोघे शाळेपासूनचे दोस्त. केंद्रांच्या फाइलींतले आकडे ललितला तपासून मग वेबसाइटच्या फाइलीत चढवावे लागत. ते त्याला जड जाई.

"वहिनी, सगळ्यांना फुल परमिशन द्या ना. ज्याचं तो थेट चढवेल."

"आणि दुसऱ्याचं पुसलं तर?"

"कोण पुसतंय? तुमचं आपलं घराला कुलूप, कुलपाला कुलूप."

"तपासायचा पगार घेता ना भाऊजी? मग तपासा."

ती हसून म्हणाली. ललित हसला नाही.

२००६ च्या उन्हाळ्यात छायाचे मनगट मोडले. प्लास्टर असेपर्यंत महेश तिच्याबरोबर ऑफिसात जाऊन ती सांगेल ते टाइप करायचा. त्यात पासवर्डही आला. प्लास्टर निघाल्यावर तिने तो बदलला नाही. मी विचारले तर म्हणाली, "नवऱ्यापासून काय लपवायचं?"

दसऱ्याच्या तोंडावर तिची आई नवसाबाई आजारी पडली. छाया हरसूलला गेली. तिथे मोबाइलला रेंज नाही. इकडे झेंडूची गर्दी, केंद्रांवरून आकड्यांचा ढीग. ललितने महेशकडे पासवर्ड मागितला. महेशने दिला. हे त्याने मला सगळे होऊन गेल्यावर सांगितले. का दिलास म्हणालो तर म्हणे, "दोस्तीत एवढंसं काय?"

ललितने छायाच्या नावाने सर्व्हर उघडला आणि सगळा फोल्डर सगळ्यांना मोकळा केला. स्वतः चहाला गेला. कुठल्याशा केंद्रावर कोणीतरी मागच्या आठवड्याच्या, झेंडू निघण्याआधीच्या फाइली त्यावर टाकल्या. निम्म्या शेतकऱ्यांच्या नावापुढे शून्य आले. व्यापाऱ्यांनी दुसरीकडून माल उचलला. आमचा झेंडू क्रेटमध्येच राहिला. दसरा झाल्यावर झेंडूला कोण विचारतो?

सभा भरली. सर्व्हर बसवणाऱ्या माणसाने नोंद दाखवली. मुभा छायाच्या नावाने बदललेली होती.

"मी हरसूलला होते," छाया म्हणाली.

अध्यक्ष झुंबरतात्या म्हणाले, "मग पासवर्ड कोणाला दिल्ता?"

ललित समजावणीच्या सुरात म्हणाला, "वहिनी, होतं असं कधी कधी. माफी मागून टाका, विषय संपला."

छायाने महेशकडे पाहिले. तो दाराशी उभा राहून टेम्पोची किल्ली बोटात फिरवत होता. बटण बंद केले तरी चालता पट्टा लगेच थांबत नाही, वेळ घेतो. तेवढा वेळ ती थांबली. महेशने मान वर केली नाही.

"माझ्या नवऱ्याला माहीत होता," ती म्हणाली. "मी बदलायला हवा होता, बदलला नाही. तेवढी चूक माझी."

सभासदांतली भागीबाई उठली. "बायकूनं नवऱ्याला सांगितलं, नवऱ्यानं गावाला! माझी फुलं काय तुमच्या वरातीला व्हती का?"

महेश म्हणाला, "ललित, तू सांग की."

"मी काय सांगू? तुमच्या घरातलं मला काय माहीत?"

छायाची नोकरी गेली. महेशचे टेम्पोचे कामही गेले. ललित राहिला.

घरी येताना महेश म्हणाला, "सगळ्यांसमोर माझं नाव घेतलंस."

"तुम्ही घेतलं असतं तर मला घ्यावं लागलं नसतं. मी थांबले होते."

मी दोघांच्या मागे चालत होतो. मुलाची बाजू घ्यावी असे काही मला सापडले नाही.

आता छाया अंबडच्या एका कारखान्यात हेच काम करते. महेश बाजार समितीत टेम्पो चालवतो. कधी छायाला घरच्या कॉम्प्युटरवरूनही काम करावे लागते. पासवर्डची जागा आली की तिची बोटे थांबतात. ती वळूनही बघत नाही. महेश ताटावरून उठावे तसा उठतो, बाहेर जातो आणि टेम्पोची स्वच्छ काच पुसत बसतो. आत की-बोर्डचा आवाज सलग सुरू झाला की परत येतो.