हाताला कळणारं कुलूप

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी सातपूरला एका छोट्या कारखान्यात सर्किट बोर्डांवर सोल्डरिंग करत होते. दोन हजार सालानंतर लवकरच तो कारखाना पुण्याला हलला आणि मी घरी बसले. घर मखमलाबादकडे, फुलशेतीचं. आई म्हणायची, आता फुलं घेऊन बाजारात बस. वडील काही म्हणायचे नाहीत, त्याचंच मला जास्त वाटायचं.

जुन्या ओळखीतल्या एका दुकानदाराने मला पहिलं स्वतंत्र काम मिळवून दिलं. नाशिक रोडला कर्णबधिर मुलींचं वसतिगृह होतं. बाहेरच्या दाराला कार्डाने उघडणारं कुलूप बसवायचं होतं. मुली शाळेतून वेगवेगळ्या वेळी परतायच्या, दार दिवसभर नुसतं लोटलेलं असायचं, आणि एकदा कुणी अनोळखी माणूस थेट जिन्यापर्यंत आला होता. तेव्हापासून अधीक्षिका बाईंची झोप उडाली होती.

वडिलांनी फुलांचा टेम्पो बाजारात रिकामा केला आणि त्यातच मला, शिडीला आणि ड्रिल मशीनला घेऊन निघाले. दारात सामान उतरवताना म्हणाले, "एकटीला जमंल ना?"

"जमेल, नाना."

"नाय जमलं तर फोन कर. मला त्यातलं काय कळत नाय, पण शिडी तर धरीन."

काम तसं सरळ होतं. आतल्या भिंतीवर कुलूप चालवणाऱ्या पॅनेलची लोखंडी पेटी, तिच्यात वीज गेली तर चालावी म्हणून बॅटरी. दाराबाहेर कार्ड ओळखणारा रीडर, आत बाहेर पडण्यासाठी बटण, आणि चौकटीच्या वर कुलूप. त्यातून पोलादी दांडी खाली उतरून दाराच्या खाचेत बसायची. कार्ड धरलं की रीडर 'पीं' वाजायचा, दांडी वर जायची आणि पाच सेकंदांनी परत खाली यायची. वीज गेली आणि बॅटरीही संपली तर दांडी आपोआप वर राहील अशीच मी जोडणी केली.

बाईंना ते पटेना. "म्हणजे वीज गेली की दार सताड उघडं?"

"बॅटरी बराच वेळ टिकेल. पण समजा आग लागली, वायर जळाल्या, तर मुली आत अडकता कामा नयेत."

बाईंनी वर मुलींच्या खोल्यांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "करा तसंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वीस वेळा तरी कार्ड लावून पाहिलं. एकदाही चुकलं नाही. बाईंनी मुलींना कार्डं वाटली आणि मी संध्याकाळपर्यंत थांबायचं ठरवलं.

मुली आल्या आणि सगळा घोळ झाला. पहिलीने कार्ड लावलं आणि दाराकडे बघत उभी राहिली. दांडी वर गेली, खाली आली, मग तिने दार ढकललं. बंद. दुसरीने आधीच ढकलायला सुरुवात केली, त्या दाबाने दांडी अडकली. मागे रांग लागली. मुली भराभर हातवारे करू लागल्या. काय म्हणतात ते कळत नव्हतं, पण माझ्याकडे बोट होतं एवढं दिसत होतं.

"अहो, तुमचं मशीन बिघडलंय," बाई म्हणाल्या.

मी पेटी उघडली, तारा तपासल्या. सगळं ठीक होतं. स्वतः कार्ड लावलं, 'पीं' वाजलं, मी दार ढकललं, उघडलं. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी दर वेळी आवाज ऐकून ढकलत होते. रीडरवर हिरव्या दिव्याचा ठिपका होता, पण दार पश्चिमेला. संध्याकाळच्या उन्हात तो दिसतच नव्हता. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या दाराला मी आवाजाची खूण लावली होती. कान तापले माझे.

गर्दीतून शिवणकाम शिकवणारी शिक्षिका पुढे आली. माझ्याच वयाची, तीही कर्णबधिर. तिने एका मुलीला कार्ड लावायला सांगितलं आणि स्वतःचा तळवा दारावर वरच्या बाजूला ठेवला. दार उघडलं. मग तिने माझं मनगट धरून माझा हात तिथेच टेकवला. दांडी वर सरकली तसा लाकडातून बारीकसा धक्का तळव्याला लागला. इतक्या वेळा दार उघडूनही तो मला जाणवला नव्हता.

तिने खुणा केल्या आणि बाईंनी सांगितलं, "ती म्हणते, मोठ्या मुलींचं काम झालं. पण लहानग्यांचा हात तिथवर पोचत नाही. काहीतरी करा."

मी धावत कोपऱ्यावरच्या विजेच्या दुकानात गेले. पॅनेलमध्ये दांडी वर जाताच वाजायच्या घंटीसाठी एक जोडणी रिकामी होती. तिला घंटीऐवजी चौकटीच्या आत-बाहेर दोन्ही बाजूंना दिवे जोडले, आणि उन्हातही दिसावेत म्हणून बाहेरच्या दिव्यावर पत्र्याची झापड लावली. दांडी वर राहण्याची वेळ वाढवली. शिक्षिकेने माझी शिडी धरली. मी हात खाली केला की ती बरोबर पाहिजे तो स्क्रू तळव्यावर ठेवायची.

दिवा लागला आणि सगळ्यात लहान मुलगी दार ढकलून आत गेली. लगेच बटण दाबून बाहेर आली. पुन्हा आत. मग तो खेळच झाला. बाई रागवायला गेल्या आणि स्वतःच हसत सुटल्या.

वडील टेम्पो घेऊन आले तेव्हा हाच गोंधळ चालला होता. ते म्हणाले, "झालं?"

"झालं. पण आधी चुकलं होतं."

"मग तर चांगलंच शिकली."

त्या कामावरून पुढची कामं मिळाली. त्या वसतिगृहातच मी पुढे खोल्याखोल्यांत आगीच्या इशाऱ्याचे दिवे बसवले. जाता येता शिक्षिकेने मला खुणा शिकवल्या. मी फार चुकायचे आणि ती खळखळून हसायची. काही वर्षांनी तिचं लग्न झालं, निफाडला. नवराही कर्णबधिर. त्यांच्या घरी मी बेलला दिवा जोडून दिला. काम संपल्यावर तिला आत बसवलं, बाहेर जाऊन दार लावून घेतलं आणि बटण दाबलं. क्षणभर काहीच नाही. मग आतून पावलांचा आवाज आला, दार उघडलं, आणि जणू मी आत्ताच एसटीतून उतरून येतेय अशा थाटात तिने मला जेवायला बोलावलं.