म्बोलाने साफ केलेली झाडं

म्बोलाच्या जिभेला हाड नव्हतं आणि हातातल्या कोयत्याला उसंत नव्हती. त्यातून गेल्या पावसाळ्यात तिची लेक येंगा अडली. योकादूमा शहरातल्या इस्पितळात नेताना गाडी चिखलात रुतली आणि बाळ वाटेतच गेलं. तेव्हापासून म्बोलाने एकच धोशा लावला होता, वस्तीत दवाखाना हवा.

जंगलाचा एक तुकडा सरकारने वस्तीच्या ताब्यात दिला होताच. त्यातली काही झाडं विकून दवाखाना बांधायचं वस्तीच्या समितीने ठरवलं. समितीचा म्होरक्या मोसोलो, म्बोलाचा सख्खा भाचा. त्या शहाण्याने नदीपलीकडची मोआबीची तीन झाडं निवडली. मोआबीच्या लाकडाला भाव चांगला, हे खरं. पण आमच्या भांड्यात पडणारं तेलही मोआबीच्याच बियांचं, आणि ही तीन तर ऐन बहरात आलेली.

"ती कुणाच्याच मालकीची नाहीत," मोसोलो म्हणाला.

तेही खोटं नव्हतं. आम्हा बाका लोकांत मोआबीखालचं रान जो पहिल्यांदा साफ करील, त्याचं ते झाड. या तिन्हींखाली अजून कुणाचा कोयता चालला नव्हता.

म्बोला समितीपुढे काही बोलली नाही. इथेच मोसोलोने सावध व्हायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच येंगाला आणि शेजारच्या दोघींना घेऊन ती नदीपार गेली. दुपारपर्यंत तिन्ही झाडांखालचं रान साफ झालं आणि तिघी पोरी तीन झाडांच्या मालकिणी झाल्या.

मोसोलो तणतणत आला. "आत्या, दवाखाना तुलाच हवा होता ना? आता काय विकू, माझं डोकं?"

"त्याला कोण गिऱ्हाईक मिळणार? माझं मोआबी विक."

म्बोलाने लग्नाआधी साफ केलेलं ते झाड, वस्तीतलं सगळ्यात जाड. आता फळं जेमतेम धरायचं, पण तिचा त्याच्यावर फार जीव. पोरं सगळी त्याच्याच तेलावर वाढलेली.

"अगं, पण ते तुझं आहे."

"म्हणूनच देतेय. दुसऱ्यांचं परस्पर द्यायला मी काय समितीत आहे?"

झाड पडलं त्या दिवशी म्बोला पोटभर रडली. आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या जागेवरचं रान साफ करायला सगळ्यांच्या आधी हजर झाली.